मुकदमगुडा
चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यात, माणिकगडच्या डोंगराळ भागात तेलंगणाच्या सीमेलगत वसलेले खेडे. दोन राज्ये हक्क सांगतात अशा चौदा गावांपैकी हे एक. परंडोली, महाराजगुडा, अंतापूर ही त्यांतलीच. तेलंगणाच्या दप्तरी ते कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्याच्या केरामेरी मंडळात मोडते.

नावातील ‘गुडा’ हा या पट्ट्यातला वस्तीवाचक शब्द. तेलुगूतील ‘गुडी’ म्हणजे देऊळ याच्याशी तो जोडण्यापेक्षा ‘गूडेम’ म्हणजे पाडा याच्याशी जोडणे अधिक सयुक्तिक. ‘मुकदम’ म्हणजे मजुरांच्या टोळीचा म्होरक्या, हा आजचा अर्थ. परंतु मोगलाईत गावच्या पाटलालाही मुकद्दम म्हणत. निजामी अंमलातील मुलूख पाहता हा जुना अर्थच येथे लागू असावा.

सीमावादाचे मूळ १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आहे. हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यातून राजुरा तालुका (आजचा जिवतीचा भाग तेव्हा त्यातच होता) मुंबई राज्याला मिळाला, आसिफाबाद आंध्र प्रदेशात गेला. राजुरा आधी नांदेडला आणि १९५९ मध्ये चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, जोडला गेला. कायद्याने तालुक्यांची नावे घेऊन वाटणी केली. दोन तालुक्यांमधल्या जंगलातल्या वाड्यांची हद्द मात्र जमिनीवर वादाचीच राहिली. १९९७ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात होते. काही लेखनात त्याचा ‘निकाल’ असा उल्लेख येतो, तर काहींत आंध्रने याचिका मागे घेतल्याचा. दुसरे वर्णन अधिक नेमके वाटते. महाराष्ट्राचा हक्क दोन्हींत कायम राहतो, पण आंध्रचा कारभार त्याने थांबला नाही.

या डोंगरपट्ट्यात मूळ वस्ती गोंड आणि कोलामांची. पुढे, विशेषतः १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास, मराठवाड्यातून बंजारा, मातंग, बौद्ध, धनगर कुटुंबे आली. घरात मराठी, बंजाऱ्यांची गोरमाटी, गोंडी, बाजारात तेलुगूही. कापूस, ज्वारी, तूर ही पिके.

सीमागावांत मराठी आणि तेलुगू अशा दोन शाळा, दोन ग्रामपंचायती, दोन रेशनकार्डे. महाराष्ट्राकडे विधानसभेचा मतदारसंघ राजुरा, तेलंगणाकडे आसिफाबाद. एकाच माणसाची दोन मतदारसंघांत नोंद कायद्याला मान्य नाही, तरी येथे ती वर्षानुवर्षे चालत आली. २०१९ च्या लोकसभेला चंद्रपूर आणि आदिलाबाद दोन्हीकडे ११ एप्रिललाच मतदान होते. २०२४ मध्ये चंद्रपूरला १९ एप्रिल, आदिलाबादला १३ मे. दोन सरकारांच्या योजना मिळतात म्हणून या लोकांना नशीबवान म्हणणे अन्यायाचे आहे. कसणाऱ्याच्या हाती बहुधा सातबारा नाही. जमीन वनखात्याच्या नावे. पीककर्जाला गेला की बँकेत पहिला कागद तोच मागतात, आणि तेथे दोन रेशनकार्डांचा काही उपयोग नसतो. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने चौदाही गावे पूर्णपणे आपल्याकडे घेण्याची प्रक्रिया जाहीर केली. तिची सुरुवात जमिनीच्या मालकीपट्ट्यांपासून व्हायला हवी.