कार्बनने नव्वद वर्षे अडवून धरलेले पोलाद

स्टेनलेस स्टीलमध्ये सर्वांत मोठा वाटा लोखंडाचाच असतो. भांड्यांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या प्रकारात १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल आणि ७० टक्क्यांच्या आसपास लोखंड असते. मग ते गंजत का नाही? हवेतल्या ऑक्सिजनची क्रिया त्याच्यावरही होतेच, उलट ती फार झपाट्याने होते. साध्या लोखंडाचा गंज सच्छिद्र असतो. तो फुगतो, त्याचे पोपडे सुटतात आणि खालचे लोखंड पुन्हा उघडे पडते. क्रोमियमच्या ऑक्साइडचा थर मात्र जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा, घट्ट आणि धातूला धरून राहणारा असतो. ओरखडा पडला तर ऑक्सिजन मिळताच तो आपोआप भरून येतो. त्यासाठी पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम लागते.

आज हे चार ओळींत सांगून होते. क्रोमियमयुक्त लोखंड आम्लाला दाद देत नाही हे फ्रान्समधील पिएर बर्थिए यांनी १८२१ मध्येच नोंदवले होते. सुऱ्या-कात्र्यांसाठी क्रोमियम घातलेले पोलाद वापरावे, असेही त्यांनी सुचवले होते. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये मायकेल फॅरडे आणि जेम्स स्टोडार्ट पोलादात निरनिराळे धातू मिसळून पाहत होते. तरीही उपयोगी स्टेनलेस स्टील हाती यायला आणखी नव्वद वर्षे गेली. वाटेत मुख्य अडसर होता तो कार्बनचा.

त्या काळी क्रोमियम कोळशाच्या साहाय्याने खनिजातून काढत, त्यामुळे त्यात भरपूर कार्बन उतरे. असे पोलाद ठिसूळ होई. शिवाय कार्बन क्रोमियमशी संयोग पावून कार्बाइड बनवतो. त्यात अडकलेले क्रोमियम संरक्षक थर बनवायला उरतच नाही. पोलादात क्रोमियम भरपूर आहे असे विश्लेषण सांगे, पण धातूचा पृष्ठभाग त्याच्यासाठी उपाशीच असे.

या गोंधळात १८९२ मध्ये भर पडली. रॉबर्ट हॅडफील्ड हे पोलादातले मोठे नाव. त्यांनी क्रोमियम पोलादाची परीक्षा ५० टक्के तीव्रतेच्या सल्फ्युरिक आम्लात घेतली आणि क्रोमियममुळे टिकाऊपणा घटतो असा निष्कर्ष काढला. हे आम्ल अशा पोलादाला झेपण्यातले नव्हते, आणि हवा-पाण्यात ते कसे टिकेल हे त्यावरून ठरवता येत नव्हते. चुकीच्या कसोटीने योग्य वाट बंद होऊ शकते, याचे इतके स्पष्ट उदाहरण धातुविज्ञानात क्वचितच सापडेल.

त्याच दशकात जर्मनीच्या हान्स गोल्डश्मिट यांनी कोळशाऐवजी ॲल्युमिनियमची पूड वापरून जवळजवळ कार्बनरहित क्रोमियम मिळवण्याची रीत शोधली. माझ्या मते या कथेतले खरे वळण हेच, कारण यानंतर कमी कार्बनचे मिश्रधातू बनवणे शक्य झाले. फ्रान्समध्ये लेऑन गिये यांनी १९०४ ते १९०६ या काळात असे अनेक मिश्रधातू तयार करून त्यांची अंतर्रचना तपासली. त्यांतले काही आजच्या स्टेनलेस प्रकारांशी जुळतात, पण ते गंजत नाहीत इकडे त्यांचे लक्ष गेले नाही. ती उकल १९११ मध्ये फिलिप मोनार्ट्झ यांनी केली. क्रोमियम सुमारे १२ टक्क्यांवर गेले की पोलादाचे वागणे एकदम बदलते, त्यासाठी ऑक्सिजन हवा आणि कार्बन कमी हवा, असे त्यांनी मांडले.

पुढच्या घटना भराभर घडल्या. जर्मनीतील क्रुप कारखान्यात बेनो श्ट्राउस आणि एडुआर्ट माउरर यांनी क्रोमियमबरोबर निकेलही घातलेले पोलाद बनवले, त्याची पेटंटे १९१२ ची आहेत. इंग्लंडच्या शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्या आतून झिजू नयेत म्हणून पोलाद शोधत होते. ऑगस्ट १९१३ मध्ये त्यांनी १२.८ टक्के क्रोमियम आणि ०.२४ टक्के कार्बनचे पोलाद ओतले. सूक्ष्मदर्शकाखाली रचना पाहण्यासाठी नमुना आम्लाने खोदावा लागतो, तर हा नमुना खोदलाच जाईना. भंगारात चमकत राहिलेल्या तुकड्याची गोष्ट जास्त सांगितली जाते, पण महत्त्व या निरीक्षणाचे आहे. शेफील्ड हे सुऱ्या-कात्र्यांचे गाव असल्याने ब्रिअर्ली यांना पहिला उपयोग सुचला तो सुऱ्यांचाच. अमेरिकेत एलवूड हेन्स हेही स्वतंत्रपणे तिथवर पोचले होते. त्यामुळे एकालाच जनक ठरवण्याचा आग्रह मला पटत नाही.

शेफील्ड आणि क्रुप हे दोन फाटे आजही घरात दिसतात. सुरीला धार हवी म्हणून कार्बन थोडा जास्त ठेवून पोलादाला पाणी देतात, म्हणजे तापवून झटकन थंड करतात. असे पोलाद कठीण होते आणि त्याला चुंबक चिकटते. भांडे किंवा सिंक दाबून घडवायचे असते, तिथे निकेलचे पोलाद लागते. निकेलमुळे स्फटिकरचना बदलते, धातू न फाटता ताणला जातो आणि बहुधा चुंबकाला चिकटत नाही. चुंबक चिकटले म्हणजे माल खोटा, हा समज सोडून द्यावा. निकेल नसलेले प्रकारही अस्सल स्टेनलेसच असतात.

कार्बनचा त्रास नंतरही संपला नाही. वेल्डिंगच्या आजूबाजूला पोलाद साधारण ४५० ते ८५० अंश सेल्सिअसच्या टप्प्यात राहिले की स्फटिकांच्या कडांवर कार्बाइड जमते आणि नेमके तिथेच गंजते. त्यावर उपाय म्हणून टायटॅनियम मिसळलेले प्रकार आले, आणि कार्बन ०.०३ टक्क्यांपर्यंत उतरवलेलेही. वितळलेल्या पोलादात ऑक्सिजन फुंकून कार्बन जाळायला जावे, तर क्रोमियमही जळून जाई. ऑक्सिजनबरोबर आर्गॉन वायू सोडला की कार्बन आधी निघून जातो. ही पद्धत १९६८ पासून कारखान्यांत वापरात आली आणि कमी कार्बनचे पोलाद बनवणे स्वस्त झाले.

संरक्षक थराचा आजचा मोठा शत्रू म्हणजे मीठ आणि ब्लीच यांत असणारे क्लोराइड. थंड पाण्यात टाकलेले मीठ तळाशी न विरघळता साचून राहिले, किंवा ब्लीच सुकू दिले, तर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. म्हणून मीठ पाणी उकळल्यावर घालून ढवळावे. समुद्राजवळच्या कामासाठी दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असलेला ३१६ हा प्रकार निवडतात. लोखंडी काथ्याने घासू नये, कारण त्याचे मागे राहिलेले कण गंजतात आणि दोष भांड्याला लागतो. हे पोलाद उष्णता फार सावकाश वाहते, म्हणून चांगल्या भांड्याच्या तळात तांबे किंवा ॲल्युमिनियमचा थर घालतात.