उंदराच्या शेपटीतला थेंब: प्रयोगशाळेतील रक्तशर्करा मोजणीची पार्श्वभूमी

१९२०च्या दशकात इन्सुलिनची ताकद तपासायला उंदीर सर्रास वापरले जाऊ लागले, पण त्या तपासणीत त्यांच्या रक्तातली साखर मोजलीच जात नसे. उपाशी उंदरांना इन्सुलिन टोचायचे, गरम पेटीत ठेवायचे आणि किती जणांना आचके येतात ते मोजायचे, अशी ती पद्धत. साखर मोजायची तर ससा घेत. इन्सुलिन शोधणाऱ्या टोरांटोच्या गटाने त्याचे पहिले एककही सशावरूनच ठरवले होते.

यामागचे कारण रक्ताच्या मापात आहे. २५ ग्रॅमच्या उंदरात सगळे मिळून दोन मिलिलिटरच्या आतच रक्त असते. त्या काळची रूढ पद्धत फोलिन आणि वू यांची. एक भाग रक्तात सात भाग पाणी, एक भाग १० टक्के सोडियम टंगस्टेट आणि एक भाग सौम्य सल्फ्युरिक आम्ल घालून प्रथिने साकळवायची. मग द्रव गाळायचा, त्यातला दोन मिली अल्कधर्मी तांब्याच्या द्रावणाबरोबर सहा मिनिटे उकळायचा आणि फॉस्फोमॉलिब्डिक आम्लाने येणारा निळा रंग प्रमाण द्रावणाशी ताडायचा. चाचणीत प्रत्यक्ष जाणारे रक्त ०.२ मिली; पण गाळणे, सांडणे आणि दुसऱ्यांदा तपासणे धरले तर बरेच जास्त लागे. शिवाय ग्लुटाथायोन आणि युरिक आम्लही तांब्यावर क्रिया करतात, म्हणून आकडा खऱ्यापेक्षा वर जाई. साखर मुळात कमी असलेल्या नमुन्यात ही वाढ फार खुपते.

१९२३ साली हागेडॉर्न आणि येन्सेन यांनी फेरिसायनाइडची पद्धत आणली आणि गरज ०.१ मिलीवर आली. तरी ग्लुकोज सहनशीलता चाचणीला (साखर देऊन ती रक्तातून किती वेगाने उतरते ते पाहण्याला) सहा वेळा रक्त काढायचे तर एका उंदराचे जवळजवळ एक तृतीयांश रक्त जाते. एवढ्या रक्तस्रावात शरीर स्वतःच साखर वर ढकलते. एकाच जिवावर पूर्ण आलेख काढणे त्यामुळे शक्य नव्हते. वेळेच्या प्रत्येक टप्प्याला वेगळे उंदीर मारूनच तो जुळवता येई.

सुटका झाली ती बुरशीतल्या एका विकरामुळे (एन्झाइममुळे). ग्लुकोज ऑक्सिडेजचे वर्णन डेटलेफ म्युलर यांनी १९२८ साली केले होते. हे विकर बीटा-डी-ग्लुकोज निवडून त्याचे ग्लुकोनिक आम्लात रूपांतर करते आणि सोबत हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. १९५०च्या दशकात त्याला पेरॉक्सिडेज आणि रंगद्रव्याची जोड मिळाली. १९६२ साली क्लार्क आणि लायन्स यांनी हेच विकर इलेक्ट्रोडवर बसवण्याची कल्पना मांडली. १९६०च्या दशकात आलेल्या डेक्स्ट्रोस्टिक्स पट्टीवर मोठा थेंब ठेवून एक मिनिट थांबावे लागे, मग तो धुऊन रंग पाहायचा. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात इलेक्ट्रोडवर चालणारे छोटे मीटर आले, आणि आजच्या स्ट्रिपला ०.३ ते १ मायक्रोलिटर रक्त पुरते. हे सगळे मधुमेही माणसांसाठी झाले. उंदरांच्या प्रयोगशाळांनी ते जसेच्या तसे उचलले, आणि आजच्या बऱ्याच अडचणींचे मूळ तिथेच आहे.

मोजण्याची गरजही याच काळात वाढत गेली. अमेरिकेतल्या बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेने १९५० साली लठ्ठ ‘ओबी’ उंदरांचे आणि १९६६ साली मधुमेही ‘डीबी’ उंदरांचे वर्णन प्रसिद्ध केले. १९६३ साली स्ट्रेप्टोझोटोसिन हे औषध स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी नष्ट करते हे कळले. १९८० साली जपानमधून आपोआप मधुमेह होणारे एनओडी उंदीर आले. १९८८पासून चरबीयुक्त आहारावरचा सी५७बीएल/६जे जातीचा उंदीर टाइप २ मधुमेहाचा नेहमीचा नमुना होऊन बसला.

थेंब लहान झाला तशी चूक परीक्षानळीतून निघून प्राण्यापाशी आली. आज आकडा बिघडतो तो बहुधा पिंजरा आणि शेपटी यांच्या दरम्यान. शेपटीचे टोक एक-दोन मिलिमीटर कापले की पहिला थेंब पुसून टाकायचा आणि दुसरा घ्यायचा. शेपटी पिळायची नाही. पिळली की ऊतींमधला द्रव मिसळतो, पेशी फुटतात आणि आकडा भरवशाचा राहत नाही. नंतरच्या वेळांना पुन्हा कापायची गरज नसते, खपली ओल्या कापसाने हलकेच काढली तरी पुरते. उंदराला नळीत कोंबून धरले की ताणाच्या संप्रेरकांनी साखर चढते, म्हणून आधी काही दिवस हाताळून सवय लावावी लागते. भूल देऊन हा प्रश्न सुटत नाही. झायलाझिन हे गुंगीचे औषध इन्सुलिनचा स्राव दाबते आणि साखर भरमसाट वाढवते. हुंगवून दिल्या जाणाऱ्या आयसोफ्लुरेननेही ती वाढते. त्यात आयसोफ्लुरेन शुद्ध ऑक्सिजनबरोबर दिले, तर ग्लुकोज ऑक्सिडेजच्या काही स्ट्रिप उलट कमी आकडा दाखवतात, कारण इलेक्ट्रोडकडे जायचे इलेक्ट्रॉन ऑक्सिजन पळवतो.

उपाशी ठेवण्याची जुनी रीतही माणसांवरूनच आली. रात्रभर उपास हा रुग्णांचा नियम. उंदीर मात्र रात्रीच जास्त खातो. सोळा-अठरा तास अन्न काढले की यकृतातला साखरेचा साठा (ग्लायकोजेन) जवळपास संपतो, वजन लक्षणीय घटते, आणि मग आपण मोजतो ती उपासमार. अमेरिकेतल्या उंदीर-चयापचय केंद्रांच्या गटाने २०१०मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रमाण पद्धतीत सकाळपासून पाच-सहा तासांचा उपास सुचवला आहे, आणि आमच्या मते तोच योग्य. सकाळी वजन घेऊन उंदराला नव्या भुशाच्या पिंजऱ्यात हलवायचे, पाणी ठेवायचे. जुन्या भुशात अन्नाचे कण आणि लेंड्या असतात. उंदीर दोन्ही खातो आणि उपास कागदावरच राहतो.

ग्लुकोज सहनशीलता चाचणीसाठी दुपारी शून्य मिनिटाचा, म्हणजे साखर देण्याआधीचा, आकडा घ्यायचा. मग २० टक्के डेक्स्ट्रोज, प्रत्येक ग्रॅम वजनाला १० मायक्रोलिटर, पोटात टोचायचे. म्हणजे किलोला २ ग्रॅम. पुढची मोजणी १५, ३०, ६०, ९० आणि १२० मिनिटांना. सुई आतड्यात किंवा चरबीत गेली तर १५ मिनिटांना शिखरच दिसत नाही. तो उंदीर ‘सुधारलेला’ समजू नये. मात्रेतही एक खोच आहे. ५० ग्रॅमच्या लठ्ठ उंदराला २५ ग्रॅमच्या उंदराच्या दुप्पट साखर जाते, पण ती वापरणारे स्नायू काही दुप्पट नसतात. शक्य असेल तिथे मात्रा चरबीविरहित वजनावर काढावी.

मीटरचे गणित माणसाच्या रक्तावर बसवलेले असते. माणसाच्या लाल पेशींत ग्लुकोज सहज शिरते, प्रौढ उंदराच्या पेशींत तसे नाही. रक्तक्षय असेल तर फरक आणखी वाढतो. बहुतेक मीटर ६०० मिग्रॅ/डेलिच्या वर नुसते ‘हाय’ दाखवतात. ‘डीबी’ आणि स्ट्रेप्टोझोटोसिन दिलेल्या उंदरांत हे नेहमीचेच. तिथे ६०० लिहिले की गटांतला फरक पुसला जातो, आणि रक्त पातळ करून स्ट्रिपवर ठेवले तर लाल पेशींचे प्रमाणच बदलते. अशा वेळी प्लाझ्मा वेगळा करून विकराधारित चाचणी करावी. तोही लगेच, कारण साध्या तापमानाला ठेवलेल्या रक्तात पेशी तासाला सुमारे पाच-सात टक्के ग्लुकोज खातात. सबंध अभ्यासाला स्ट्रिपचा लॉट (एकाच वेळी बनलेला संच) एकच ठेवावा.

इन्सुलिनचा परिणाम नेमका मोजण्यासाठी १९७९ साली डिफ्रॉन्झो, टोबिन आणि अँड्रेस यांनी माणसांवर क्लॅम्प पद्धत वर्णन केली. पुढे ती उंदरांवर उतरली. यात एका शिरेत आणि एका धमनीत नळी बसवून उंदराला काही दिवस सावरू देतात. मग जागेपणी इन्सुलिन सोडत, दर काही मिनिटांनी थेंब तपासत, ग्लुकोजचा वेग असा बदलतात की साखर स्थिर राहावी. इतके रक्त काढल्यावर लाल पेशींचे प्रमाण घसरते, म्हणून दुसऱ्या उंदराच्या धुतलेल्या लाल पेशी सोबत परत सोडाव्या लागतात. धमनीत संवेदक ठेवून बिनतारी नोंद करणारी यंत्रेही आता आहेत. त्यांत उंदीर आपल्या पिंजऱ्यात मोकळा असतो आणि रात्रीच्या खाण्याबरोबर होणारा चढउतार पहिल्यांदा सलग दिसतो. मात्र संवेदकाचा आकडा हळूहळू सरकत जातो आणि तो जुळवून घ्यायला शेपटीतल्या थेंबाची मोजणी अधूनमधून करावीच लागते.