पॅसिफिक द्वीपराष्ट्रांतील ऊर्जा व हवामान कायदे

फिजी, तुवालू, किरिबाती, व्हानुआतू, सामोआ, टोंगा, मार्शल बेटे इत्यादी पॅसिफिक देशांनी वीजनिर्मिती, इंधनाची आयात, किनाऱ्यांचे रक्षण आणि गावांचे स्थलांतर यांसाठी केलेले कायदे, धोरणे व करार. जगाच्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात या देशांचा वाटा एक टक्क्याच्याही कितीतरी खाली आहे. उत्सर्जन कपातीची उद्दिष्टे त्यांच्या कायद्यांत आढळतात, परंतु खरा भर दोन गोष्टींवर दिसतो : डिझेलचा खर्च आणि पायाखालची जमीन.

बहुतेक बेटांवर वीज डिझेल जनित्रांवर तयार होते आणि दूरच्या कंकणद्वीपांवर (प्रवाळाच्या सखल, कड्याच्या आकाराच्या बेटांवर) हे डिझेल बोटीने पिंपे भरून न्यावे लागते. २००८ मध्ये तेलाचे भाव भडकले तेव्हा या देशांचे अंदाजपत्रक कोलमडायची वेळ आली. टोंगाने २०१० मध्ये दहा वर्षांचा ऊर्जा आराखडा आखला, त्यामागे हाच धसका होता. २०२० पर्यंत निम्मी वीज नवीकरणीय स्रोतांतून मिळवायची, असे त्यात ठरले. कुक बेटांनी २०२० पर्यंत, तर सामोआने २०२५ पर्यंत शंभर टक्क्यांचे उद्दिष्ट जाहीर केले. तिन्ही मुदती हुकल्या. अडचण उन्हाची नव्हती. लहान बेटावर सौर पॅनेल आणि बॅटऱ्या बसवल्या की काम भागते; न्यूझीलंडच्या अखत्यारीतील टोकेलाऊच्या तिन्ही कंकणद्वीपांनी २०१२ मध्ये ते करून दाखवले. राजधानीच्या बेटावर हॉटेले, शीतगृहे, दवाखाने यांचा भार असतो. तेथे रात्रीची वीज साठवणे आणि ग्रिड स्थिर ठेवणे महाग पडते आणि तो पैसा बव्हंशी परदेशी दात्यांकडून यायचा असतो. ज्या खर्चाची तरतूद आपल्या हाती नाही त्याची तारीख जाहीर करण्याची सवय ही या धोरणांची उणी बाजू म्हणावी लागेल.

फिजीची स्थिती वेगळी आहे. डोंगराळ व्हिटी लेवू बेटावरील मोनासावू धरणामुळे तेथे जलविद्युत मुबलक आहे. ऊसशेतीमुळे लाबासाच्या साखर कारखान्यात, महाराष्ट्रातील कारखान्यांप्रमाणेच, बगॅसपासून, म्हणजे उसाच्या चिपाडापासून, सहवीजनिर्मिती होते. पापुआ न्यू गिनीची गोष्ट तर विसंगतच. २०१५ मध्ये हवामानबदल व्यवस्थापनाचा कायदा करणारा हा देश २०१४ पासून द्रवरूप नैसर्गिक वायू निर्यात करत आहे.

या प्रदेशातील सर्वांत व्यापक कायदा फिजीचा २०२१ चा हवामानबदल अधिनियम होय. २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे (जेवढे उत्सर्जन, तेवढेच शोषण) उद्दिष्ट त्यात कायद्याने बांधून घेतले आहे. जंगलात साठणाऱ्या कार्बनवरील हक्कांची तरतूदही त्यात आहे. फिजीतील बहुतांश जमीन आदिवासी इतौकेई कुळांच्या सामाईक मालकीची असल्याने हा मुद्दा तेथे नाजूक आहे. स्थलांतराबाबत मात्र अनुभव आधी आला, नियम मागाहून. वानुआ लेवू बेटावरील वुनिदोगोलोआ हे गाव २०१४ मध्येच समुद्रापासून सुमारे दोन किलोमीटर आत हलवले गेले. नियोजित स्थलांतराची मार्गदर्शक तत्त्वे निघाली २०१८ मध्ये.

कंकणद्वीपांना आत सरकायला जागाच नाही. किरिबातीची जमीन जेमतेम ८११ चौरस किलोमीटर, पण तिच्या आधाराने मिळालेले सागरी क्षेत्र सुमारे ३५ लाख चौरस किलोमीटर. परदेशी बोटींना ट्यूना मासेमारीचे परवाने विकून देशाच्या तिजोरीत मोठी भर पडते. बेट बुडाले तर सीमा कुठून मोजायची, हा प्रश्न म्हणूनच थेट पोटाचा आहे. पॅसिफिक द्वीप मंच या प्रादेशिक संघटनेने २०२१ च्या घोषणापत्रात आपली भूमिका स्पष्ट केली : एकदा ठरलेल्या सागरी सीमा समुद्रपातळी वाढली तरी बदलणार नाहीत. तुवालूने २०२३ च्या राज्यघटनेत आणखी पुढे जाऊन, भूभाग गेला तरी राष्ट्र कायम राहील, असे नमूद केले.

त्याच वर्षी तुवालूने ऑस्ट्रेलियाशी फालेपिली करार केला. तो २०२४ पासून लागू असून त्यानुसार दरवर्षी २८० तुवालूवासीयांना ऑस्ट्रेलियात कायम वास्तव्य करता येते. मोबदल्यात, इतर देशांशी संरक्षणविषयक करार करण्यापूर्वी तुवालूने ऑस्ट्रेलियाची संमती घ्यायची आहे. सार्वभौमत्वाच्या दृष्टीने हे कलम वादग्रस्त ठरले. या २८० जागांसाठीच्या पहिल्याच सोडतीला देशाच्या निम्म्याहून अधिक लोकांनी नावे दिली. ऑस्ट्रेलिया पॅसिफिक द्वीप मंचाचा सदस्य आहे आणि कोळशाचा बडा निर्यातदारही. २०१९ मध्ये तुवालूची राजधानी फुनाफुती येथील मंचाच्या बैठकीत कोळशाविषयीच्या शब्दरचनेवरून त्याचे बेटांशी चांगलेच खटके उडाले होते.

त्याच २०१९ मध्ये साउथ पॅसिफिक विद्यापीठातील कायद्याच्या विद्यार्थ्यांनी हवामानाचा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यावा, अशी मोहीम सुरू केली. व्हानुआतू सरकारने ती उचलून धरली आणि मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तसा ठराव संमत केला. २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने एकमताने मत दिले की हवामानाचे रक्षण हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य असून त्याचा भंग झाल्यास भरपाईची जबाबदारीही येऊ शकते. मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश दलवीर भंडारी त्या पीठावर होते. हे मत सल्लागार स्वरूपाचे, म्हणजे बंधनकारक नसलेले आहे. तरी ठरलेल्या सागरी सीमा बदलण्याचे बंधन राष्ट्रांवर नाही आणि भूभाग नष्ट झाला म्हणून राष्ट्राचे अस्तित्व संपतेच असे नाही, या त्यातील दोन निष्कर्षांनी किरिबाती व तुवालू यांच्या दाव्याला न्यायालयीन आधार मिळाला.