साडेचार लिटर बेंटली आणि ‘ब्लोअर’: ल माँ जिंकली ती कोणी?

दर थोड्या दिवसांनी एक फोटो फिरत फिरत माझ्यापर्यंत येतो. गर्द हिरवी उघडी मोटार, बॉनेटवर आवळलेला चामडी पट्टा, जाळी लावलेले भलेमोठे दिवे, दारावर पांढरा आकडा. खालची ओळ ठरलेली: ‘ब्लोअर बेंटली, पाच वेळा ल माँ जिंकणारी गाडी’. गाडी देखणी असते, ओळ साफ चूक असते. ब्लोअर म्हणजे इंजिनात हवा कोंबणारी फुंकणी, म्हणजेच सुपरचार्जर, लावलेली साडेचार लिटर बेंटली. तिने फ्रान्समधली ल माँची चोवीस तासांची मोटार शर्यत एकदाही जिंकलेली नाही. तिच्या साध्या बहिणीने, म्हणजे फुंकणी न लावलेल्या साडेचार लिटर बेंटलीने, ती १९२८ मध्ये जिंकली. आणि त्या फोटोतली गाडी पुष्कळदा हीच साधी असते.

आधी किरकोळ गोंधळ उरकून घेऊ. लिटर म्हणजे इंजिनाचं आकारमान; साडेचार लिटर वेगळी आणि सव्वाचार लिटर वेगळी. सव्वाचार आली १९३६ मध्ये. रोल्स-रॉइसने बेंटली कंपनी विकत घेतल्यानंतर डर्बीत बनलेली, सहा सिलिंडरची, अबोल गाडी. आपल्या विषयाशी तिचं नातं फक्त नावापुरतं. दुसरं, टूरर म्हणजे चार जणांची उघडी गाडी, वर कापडी टप. दोन जणांची असेल तर तिला टूरर म्हणू नये. आणि ‘व्हिंटेज’: ब्रिटनच्या व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लबच्या हिशेबाने १९३० अखेरपर्यंत बनलेली गाडी व्हिंटेज. आपल्याकडे साठच्या दशकातल्या फियाटलाही व्हिंटेज म्हणतात, ते मला खटकतं. तिला क्लासिक म्हणा, त्यात तिचा मान कमी होत नाही.

साडेचार लिटरची ओळख बहुतेकांना असते, म्हणून थोडक्यात. लंडनच्या क्रिकलवुडमधला कारखाना, काळ १९२७ ते १९३१. चार सिलिंडर, ४,३९८ सीसी. सिलिंडरचा व्यास १०० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव १४० मिलिमीटर. दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह आणि दोन स्पार्क प्लग, ब्लॉक आणि हेड एकाच ओतकामात. एकूण ७२० गाड्या बनल्या, त्यांपैकी ५५ ब्लोअर. कंपनी विकायची ती चेसिस, म्हणजे इंजिन आणि चाकांसह नुसता सांगाडा. बॉडी गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीच्या कारागिराकडून बांधून घ्यायची. टूरर बॉडीसाठी व्हॅन डेन प्लास हे नाव सगळ्यात वर.

आता खरी गोम. या दोन गाड्यांमधला फरक श्वासाचा आहे.

साध्या इंजिनात पिस्टन खाली उतरतो, सिलिंडरमध्ये पोकळी होते आणि बाहेरच्या हवेचा दाब पेट्रोल-हवेचं मिश्रण आत लोटतो. वातावरण देईल तेवढाच घास. ब्लोअरमध्ये हा घास कोंबून भरला जातो. चुलीत फुंकणी मारली की तेवढ्याच लाकडांचा जाळ कसा भडकतो, तोच न्याय. फुंकणीचं काम इथे रूट्स जातीचा सुपरचार्जर करतो: एका भक्कम कवचात दोन रोटर एकमेकांत गुंतून फिरतात आणि मिश्रण दाबाने इंजिनाकडे ढकलतात. तो थेट क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, पुढच्या टोकाला जोडलेला असल्यामुळे इंजिन चालू आहे तोवर तोही चालूच. त्या काळच्या मर्सिडीज एसएसकेचा सुपरचार्जर पेडल पार खाली दाबल्यावरच जागा व्हायचा. बेंटलीच्या फुंकणीला विसावा नाही.

परिणाम मोठा होता. साध्या साडेचारची ताकद ११० अश्वशक्तीच्या आसपास. तेवढ्याच सीसीची ब्लोअर रस्त्यावर १७५ आणि शर्यतीत २४० पर्यंत जाई. हे आकडे वाचून लोक ब्लोअरला ‘सुधारलेली साडेचार’ समजतात. माझा सगळा आक्षेप याच शब्दाला आहे. ज्या माणसाने साडेचार घडवली त्याला ही सुधारणा नकोच होती.

वॉल्टर ओवेन बेंटली, सगळे त्यांना डब्ल्यू. ओ. म्हणत, मूळचे रेल्वेतले. डॉनकास्टरच्या रेल्वे कारखान्यात त्यांनी उमेदवारी केली, पहिल्या महायुद्धात विमानांची इंजिनं बनवली. वर्षानुवर्षं रोज ओझं ओढूनही बिघडत नाही ते यंत्र चांगलं, ही त्यांची घडण. चेसिसला ते पाच वर्षांची हमी देत. जास्त ताकद हवी असेल तर इंजिन मोठं करा, हा त्यांचा सरळ रस्ता: तीन लिटर, साडेचार, साडेसहा, आठ. आहे त्याच इंजिनात जबरदस्तीने हवा कोंबली की उष्णता वाढते, पिस्टन-बेअरिंगवर ताण येतो, पेट्रोल ढसाढसा जातं, आणि पुढच्या चाकांच्याही पुढे वजन लटकल्यामुळे नाक जड होतं. हे सगळं त्यांना आधीच दिसत होतं.

ब्लोअरचा हट्ट सर हेन्री ‘टिम’ बर्किन यांचा. निधड्या छातीचा माणूस आणि त्या काळचा अव्वल ड्रायव्हर. सुपरचार्जर अ‍ॅमहर्स्ट व्हिलिअर्स यांनी घडवला, पैसा घोड्यांच्या शर्यतींत नाव असलेल्या धनाढ्य डोरोथी पॅजेट यांनी पुरवला, आणि काम झालं ते क्रिकलवुडला नव्हे, बर्किन यांच्या वेल्विनच्या वर्कशॉपमध्ये. मात्र ल माँला उतरवायची तर तसल्या ५० गाड्या विक्रीसाठी बनवणं भाग होतं. कंपनीची सूत्रं तेव्हा वुल्फ बार्नाटो यांच्याकडे होती. त्यांनी होकार दिला आणि डब्ल्यू. ओ. यांचा विरोध बाजूला पडला. त्या ५० आणि बर्किन यांच्या शर्यतीच्या पाच, असे ते ५५.

मैदानात काय झालं? १९३० च्या ल माँमध्ये बर्किन यांनी ब्लोअर घेऊन काराचिओला यांच्या मर्सिडीजचा जो पाठलाग केला तो आजही अंगावर काटा आणतो. सरळ रस्त्यावर दोन चाकं गवतात घालून त्यांनी तिला मागे टाकलं. पण मर्सिडीज बाद झाली आणि दोन्ही ब्लोअरही शर्यत संपायच्या आत थांबल्या. जिंकली ती स्पीड सिक्स, साडेसहा लिटरची, बिनफुंकणीची. आदल्या वर्षी, १९२९ मध्येही स्पीड सिक्सच पहिली आली होती आणि तिच्यामागे दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या क्रमांकावर ओळीने साध्या साडेचार लिटर होत्या. १९२४ आणि १९२७ चे विजय तीन लिटरचे. त्या फोटोखालच्या पाच विजयांत ब्लोअरच्या वाट्याला शून्य येतं.

ब्लोअरचं मोठं यश वेगळ्याच ठिकाणी आहे आणि ते कोणी सांगत नाही. १९३० मध्ये पो शहरी झालेल्या फ्रेंच ग्रां प्रीत बर्किन चार आसनांची ही धिप्पाड गाडी घेऊन हलक्याफुलक्या बुगाटींच्या घोळक्यात उतरले आणि दुसरे आले. १९३२ मध्ये त्यांनीच एका आसनाच्या ब्लोअरने ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर ताशी १३७.९६ मैलांचा फेरा मारला. ब्लोअरचं कौतुक करायचंय? यासाठी करा. उसन्या विजयांची तिला गरज नाही.

ओळखायची कशी? गाडीच्या समोर उकिडवे बसा आणि रेडिएटरच्या खालच्या बाजूला बघा. चेसिसची दोन टोकं पुढे आलेली दिसतील. त्यांच्यामध्ये आडवं बसवलेलं, कंगोरे असलेलं जाडजूड धातूचं कवच आणि त्याच्या एका अंगाला जोडीने दोन कार्ब्युरेटर दिसले, तर ती ब्लोअर. तिथे मोकळी जागा असेल तर ती साधी साडेचार. बॉनेटचा पट्टा, दिव्यांची जाळी, हिरवा रंग, दारावरचा आकडा यांवरून काहीच ठरत नाही. ते कोणत्याही बेंटलीवर चढवता येतं. आणखी एक सावधगिरी: नंतरच्या काळात कित्येक साध्या गाड्यांना सुपरचार्जर बसवले गेले, आणि अलीकडे खुद्द बेंटली कंपनीने १२ नव्या ब्लोअर जुन्या पद्धतीने बांधून विकल्या. विक्रीच्या त्या ५० मूळ गाड्यांचे चेसिस क्रमांक ‘एसएम’ किंवा ‘एमएस’ या अक्षरांनी सुरू होतात.

मला विचाराल तर माझी पसंती साधीलाच, आणि त्याचं कारण १९२८ च्या शर्यतीत आहे. बार्नाटो आणि बर्नार्ड रुबिन यांची गाडी होती ‘ओल्ड मदर गन’, साडेचार लिटरची अगदी पहिली गाडी. आदल्या वर्षी ती याच शर्यतीत व्हाइट हाउसच्या वळणावरच्या अपघातात सापडली होती. १९२८ मध्ये अमेरिकेच्या स्टट्झने तिला शेवटपर्यंत सुचू दिलं नाही. अखेरच्या टप्प्यात चेसिसला तडा गेला, रेडिएटरची नळी निसटली आणि पाणी वाहून गेलं. बार्नाटो यांनी तशाच तापलेल्या इंजिनाला सांभाळत, चुचकारत गाडी २,६६९ किलोमीटरवर पहिली आणली. पाण्यावाचून एवढं सोसणारं इंजिन डब्ल्यू. ओ. यांना का तसंच ठेवायचं होतं, हे इथे कळतं.

चालवायलाही ती तशीच. अ‍ॅक्सिलरेटर मधोमध, ब्रेक उजवीकडे, गिअरचा दांडा उजव्या हाताला. गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे दात आपोआप जुळवून देणारी सोय, नाही, त्यामुळे जुन्या ट्रकवर शिकलेला माणूस मारतो तसा डबल क्लच मारावा लागतो; घाई केली की दात कुरकुरतात. पण एकदा टॉपला पडली की लांब धावेचं ते इंजिन कमी फेऱ्यांवरही गाडी ओढत राहतं, एका संथ, जड ठेक्यात. ही गाडी दूरच्या प्रवासासाठी केलेली आहे. मागे दोन माणसं, सामान, वरचा टप खाली, आणि रेडिएटरच्या पुढे फक्त मोकळी हवा.