ऑन्कॉलॉजी नर्सिंगचा डिप्लोमा करायचाय? पात्रता, कागदपत्रं आणि पुढचा इन्चार्जपर्यंतचा रस्ता

ॲडमिशनच्या जाहिराती यायला लागल्या की स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेच ते प्रश्न फिरतात. जीएनएमला, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरीचा डिप्लोमा केलेल्यांना, चालतं का, अनुभव किती लागतो, पगार बंद होतो का, आणि एवढं करून मिळतं काय. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवते. एक आधीच सांगते, पात्रतेत फारसं कोणी अडकत नाही, अडकतात ते कागदांत, त्यामुळे खाली कागदांवरच जास्त लिहिलंय.

कोर्सचं नाव पोस्ट बेसिक डिप्लोमा इन ऑन्कॉलॉजी स्पेशालिटी नर्सिंग, म्हणजे कॅन्सर पेशंटच्या नर्सिंगचा. इंडियन नर्सिंग कौन्सिल, म्हणजे आपली आयएनसी, तिने ठरवलेला एक वर्षाचा फुलटाइम कोर्स आहे आणि तो रेसिडेन्सी पद्धतीचा आहे. म्हणजे वर्गात बसून नोट्स उतरवणं कमी, आणि केमो डे केअर, सर्जिकल वॉर्ड, रेडिएशन, पॅलिएटिव्ह (त्रास कमी करणारी काळजी) असं फिरत, शिफ्ट ड्युटी करत शिकणं जास्त. नाइट पण असतात, घरी लहान मूल असेल तर हे आधीच घरच्यांशी बोलून घ्या, नंतर रडारड नको.

पात्रता सोपी आहे. तुम्ही रजिस्टर्ड नर्स आणि मिडवाइफ पाहिजे, म्हणजे जीएनएम, बेसिक बीएस्सी, पोस्ट बेसिक बीएस्सी कोणीही चालतं. स्टाफ नर्स म्हणून किमान एक वर्षाचा क्लिनिकल अनुभव लागतो, तो कॅन्सरच्या वॉर्डातला असेल तर चांगलंच, पण असायलाच पाहिजे असं नाही, आयसीयू किंवा मेडिसिन वॉर्डातल्या सिस्टर पण अर्ज करू शकतात. फिटनेस लागतो. आणि एनयूआयडी नंबर लागतो, हा आयएनसीच्या नर्सेस रजिस्ट्रेशन अँड ट्रॅकिंग सिस्टिममधून मिळणारा राष्ट्रीय ओळख क्रमांक. खूप जणींनी तो अजून काढलेलाच नसतो, आणि जाहिरात आली की शेवटच्या आठवड्यात धावपळ सुरू होते. आधार, राज्याच्या नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आणि ते अपडेट असणं, एवढ्यावर तो निघतो, तर आजच काढून ठेवा. बाहेरच्या देशात नर्सिंग शिकून आलेल्यांना मात्र ॲडमिशनच्या आधी आयएनसीकडून समकक्षतेचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं.

ब्रदर लोकांचा, म्हणजे पुरुष नर्सचा, एक प्रश्न नेहमी येतो की जुन्या जीएनएमला मिडवाइफरी नव्हती, मग आम्ही काय करायचं. नियमात ‘किंवा समकक्ष’ असा शब्द आहे, त्यामुळे थेट नकार नाही, पण तुमच्या कौन्सिलच्या सर्टिफिकेटवर नेमकं काय लिहिलंय ते बघा आणि फॉर्म भरायच्या आधी संस्थेच्या नर्सिंग एज्युकेशन विभागाला लेखी विचारा. फोनवर कोणीतरी ‘हो चालेल’ म्हणालं त्याला नंतर किंमत नसते.

कॉलेज निवडताना एकच तपासणी करा, पण ती नक्की करा. आयएनसीच्या वेबसाइटवर प्रत्येक शैक्षणिक वर्षाची मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते, त्यात त्या संस्थेचं नाव, हाच कोर्स आणि हेच वर्ष दिसलं पाहिजे. मागच्या वर्षी होतं म्हणून यंदा असेलच असं नाही. ‘कॅन्सर नर्सिंग सर्टिफिकेट, तीन महिने, घरबसल्या’ अशा जाहिराती पण येतात, त्यातून ज्ञान मिळत असेल तर घ्या की, पण कौन्सिलकडे त्याची पात्रता म्हणून नोंद होत नाही. २०२३ मध्ये राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदा पास झालाय, त्यात आयएनसीच्या जागी आयोग येणार असं आहे, त्यामुळे पुढे वेबसाइटचं नाव बदललेलं दिसलं तर गोंधळून जाऊ नका.

आता कागदपत्रं

नेहमीचे कागद सगळ्यांना माहीत असतात, दहावी-बारावी, जीएनएम किंवा बीएस्सीच्या प्रत्येक वर्षाची मार्कशीट, डिप्लोमा किंवा डिग्री सर्टिफिकेट, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, एनयूआयडी, आधार, फोटो. यात रजिस्ट्रेशनची मुदत बघा, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रिन्यूअल दर पाच वर्षांनी असतं आणि त्याला सीएनईचे, म्हणजे नोकरीत असताना घेतलेल्या प्रशिक्षणाचे, क्रेडिट लागतात. ऐन ॲडमिशनच्या वेळी रिन्यूअल संपलेलं निघालं तर फार वाईट वाटतं, कारण बाकी सगळं बरोबर असून फाइल बाजूला पडते.

सगळ्यात जास्त घोळ अनुभव प्रमाणपत्रात. लहान नर्सिंग होममधून येणारं पत्र साधारण असं असतं, ‘सदर सिस्टर आमच्याकडे काम करत असून त्यांची वर्तणूक समाधानकारक आहे’, खाली डॉक्टरांची सही आणि गोल शिक्का. हे कॅरेक्टर सर्टिफिकेट झालं, अनुभवाचं नाही. त्यात पाहिजे काय तर हॉस्पिटलचं लेटरहेड, हॉस्पिटलचा रजिस्ट्रेशन नंबर, जावक क्रमांक आणि तारीख, तुमचं पद, फुलटाइम की नाही, रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख किंवा ‘आजतागायत’, कुठल्या वॉर्डात, आणि हॉस्पिटल किती बेडचं आहे ते. हा बेडचा आकडा लोक हमखास विसरतात आणि तोच पुढे नोकरीच्या वेळी पण नडतो, ते खाली सांगते. तारखा तुमच्या कौन्सिल रजिस्ट्रेशनच्या नंतरच्या असाव्यात, त्याआधीचं काम धरायला सहसा कोणी तयार होत नाही. पत्राचा मसुदा तुम्हीच टाइप करून न्या आणि सही घ्या, डॉक्टर पण खूष, तुम्ही पण. आणि नोकरी सोडताना रिलीव्हिंग लेटरबरोबरच हे घ्या, नंतर ते हॉस्पिटल बंद पडतं, मॅनेजमेंट बदलते, ओळखणारं कोणी उरत नाही.

दुसरा घोळ नावाचा. मार्कशीटवर माहेरचं नाव, कौन्सिलला माहेरचं, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच, कुठे वडिलांचं नाव मध्ये तर कुठे नवऱ्याचं. लग्नाचं नोंदणी प्रमाणपत्र जोडून बऱ्याच ठिकाणी काम होतं, पण काही ठिकाणी राजपत्रच मागतात, म्हणजे महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नाव बदलाची जाहिरात. ते ऑनलाइन करता येतं, पण छापून यायला वेळ जातो. माझं मत विचाराल तर कौन्सिलला ज्या नावाने आहात त्याच नावाने फॉर्म भरा आणि बाकीचे कागद त्याच्याशी जुळवून घ्या, कारण पुढे डिप्लोमाची नोंद पण त्याच रजिस्ट्रेशनवर होणार आहे.

तिसरा, जातीच्या दाखल्याचा. राज्याच्या संस्थेला राज्याच्या नमुन्यातला दाखला, जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेअर. पण टाटा मेमोरियल सेंटर ही केंद्राच्या अणुऊर्जा विभागाखालची संस्था, तिथल्या जाहिरातीत राखीव जागा असतील तर ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो, आणि तुमची जात केंद्राच्या यादीत पण असावी लागते. एसईबीसी हे राज्याचं आरक्षण आहे, केंद्राच्या संस्थेत ते चालत नाही, तिथे निकषात बसत असाल तर केंद्राच्या नमुन्यातलं ईडब्ल्यूएस काढावं लागतं. ईडब्ल्यूएस त्या आर्थिक वर्षापुरतंच असतं, मार्चमध्ये काढलेलं एप्रिलमध्ये जुनं होतं, लक्षात ठेवा. तहसीलमध्ये जाताना केंद्राचा कोरा नमुना प्रिंट काढून न्यायचा, नाहीतर नेहमीचा राज्याचा फॉरमॅट हातात पडतो.

नोकरीत असलेल्यांसाठी आणखी एक कागद, ना हरकत प्रमाणपत्र. शासकीय सेवेत असाल तर अर्ज योग्य मार्गानेच, म्हणजे अधिसेविका (मेट्रन), मग संस्थाप्रमुख, मग वरती. हा मार्ग हळू आहे, त्यामुळे जाहिरातीची वाट न बघता विनंती अर्ज आधीच टाका आणि आवकचा शिक्का मारलेली कॉपी स्वतःजवळ ठेवा. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्ये अध्ययन रजेची तरतूद आहे, प्रतिनियुक्तीवर पण पाठवतात, दोन्हीत परत येऊन ठरावीक काळ सेवा करायचं बंधपत्र लिहून द्यावं लागतं, ते सही करायच्या आधी वाचा. पगाराचं म्हणाल तर आयएनसीच्या नियमात स्पष्ट आहे की सेवेत असलेल्यांना त्यांचा नियमित पगार आणि बाकीच्यांना त्या हॉस्पिटलच्या रचनेप्रमाणे स्टायपेंड किंवा पगार. खाजगीतल्या सिस्टरना मात्र मॅनेजमेंट बऱ्याचदा राजीनामाच द्यायला लावते, तिथे निदान परत घेण्याबद्दल लेखी काही मिळतंय का ते बघा.

लेखी आणि इंटरव्ह्यू

प्रत्येक संस्थेची पद्धत वेगळी, कुठे लेखी, कुठे नुसता इंटरव्ह्यू, कुठे दोन्ही. पण विचारतात ते साधारण एकाच धाटणीचं. डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध चालू असताना पेशंट म्हणाला हाताला जळजळतंय, काय कराल? इथे मुली घाईघाईत ‘कॅन्युला काढीन’ म्हणतात आणि मार्क जातात. आधी इन्फ्युजन थांबवायचं, कॅन्युला तशीच ठेवायची, तिच्यातून जेवढं औषध परत ओढून घेता येईल तेवढं घ्यायचं, डॉक्टरांना कळवायचं, सूज-लालीची कड पेनने आखायची, नोंद करायची. मग पुढचा प्रश्न ठरलेला, गरम शेक की थंड. डॉक्सोरुबिसिनला थंड, व्हिन्क्रिस्टिन या दुसऱ्या केमोच्या औषधाला गरम. आणि व्हिन्क्रिस्टिन निघालंच आहे तर ते पाठीच्या मणक्यातून कधीही द्यायचं नाही, पेशंट जातो, हे तर झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे. फेब्राइल न्यूट्रोपेनिया, म्हणजे पांढऱ्या पेशी कमी असताना ताप, पण येतोच, एएनसी (न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची संख्या) ५०० च्या खाली आणि ताप असेल तर अँटिबायोटिकचा पहिला डोस एका तासाच्या आत, कल्चरचं ब्लड त्याआधी. ‘लीडर म्हणून काय कराल’ हा प्रश्न पण असतो, त्याला भाषण नको, केमोची डबल चेकिंग दोन सिस्टरनी वेगवेगळी करायची, एकीने वाचायचं आणि दुसरीने मान डोलवायची असं नाही, आणि घाईच्या वेळी ज्युनियरला ते कसं करायला लावाल एवढं सांगितलं तरी पॅनल ऐकतं.

कोर्समध्ये फाउंडेशनच्या भागात लीडरशिप, मॅनेजमेंट, रिसर्च असे विषय आहेत. बहुतेक जणी ते परीक्षेपुरते वाचतात. मला विचाराल तर लॉगबुकच्या सह्यांइतकंच त्याकडे लक्ष द्या, कारण वॉर्डात परत गेल्यावर ड्युटी रोस्टर, इन्सिडेंट रिपोर्ट, नवीन स्टाफचं ओरिएंटेशन हेच तुमच्या गळ्यात पडणार आहे.

पास झाल्यावरचं काम, जे राहून जातं

डिप्लोमा हातात आला की लोक फ्रेम करतात आणि विसरतात. तो तुमच्या राज्याच्या कौन्सिलकडे अतिरिक्त पात्रता म्हणून नोंदवायचा असतो. डिप्लोमा, मार्कशीट, मूळ रजिस्ट्रेशन, फी, एवढंच लागतं. दुसऱ्या राज्यात जाऊन कोर्स करणार असाल तर तिथल्या कौन्सिलचं रजिस्ट्रेशन किंवा आपल्या कौन्सिलची एनओसी लागते का ते ॲडमिशनच्या वेळीच विचारा, गोव्याच्या किंवा बेळगावकडच्या सिस्टर मुंबईत येतात त्यांना हे लागू आहे.

ही नोंद का महत्त्वाची, तर बघा, टाटाच्या ‘नर्स ए’ पदाच्या जाहिरातींत अट अशी आलेली आहे की जीएनएम असाल तर ऑन्कॉलॉजी नर्सिंगचा डिप्लोमा, किंवा बेसिक अथवा पोस्ट बेसिक बीएस्सी, आणि किमान ५० बेडच्या हॉस्पिटलचा एक वर्षाचा अनुभव. म्हणून मघाशी बेडच्या आकड्यावर एवढं लिहिलं. जीएनएमवाल्यांना हा डिप्लोमा म्हणजे दरवाजाच आहे. आणि टाटा म्हणजे आता फक्त परळ राहिलेलं नाही, खारघर, वाराणसी, संगरूर, गुवाहाटी, विशाखापट्टणम, मुझफ्फरपूर इथे पण हॉस्पिटलं आहेत, बदलीची तयारी असेल तर संधी वाढतात.

शासकीय बाजूला अधिपरिचारिका (स्टाफ नर्स), परिसेविका (वॉर्डची इन्चार्ज), सहाय्यक अधिसेविका, अधिसेविका अशी शिडी आहे आणि ती मुख्यतः ज्येष्ठता आणि सेवाप्रवेश नियमांवर चालते, नुसता डिप्लोमा दाखवून परिसेविका करत नाहीत, कोणी तसं सांगत असेल तर ऐकू नका. पण केमो युनिटची जबाबदारी कोणाला द्यायची हे ठरवताना डिप्लोमावालीचं नाव पुढे येतं, आणि तो अनुभव पुढे मोजला जातो. शिकवण्याकडे किंवा मॅनेजमेंटकडे खरंच जायचं असेल तर एमएस्सी करावं लागेल, मेडिकल सर्जिकल नर्सिंगमध्ये ऑन्कॉलॉजी ही उपशाखा आहे. त्याला बीएस्सी किंवा पोस्ट बेसिक बीएस्सीला ५५ टक्के आणि एक वर्षाचा अनुभव लागतो. जीएनएमवाल्यांना आधी पोस्ट बेसिक बीएस्सी, मग हे.

बाहेर गेलेल्यांसाठी थोडक्यात. अमेरिकेत ऑन्कॉलॉजी नर्सची मान्यताप्राप्त परीक्षा म्हणजे ओसीएन, ऑन्कॉलॉजी सर्टिफाइड नर्स. तिला अमेरिकेचं किंवा कॅनडाचं चालू आरएन (रजिस्टर्ड नर्स) लायसन्स लागतं, भारतातल्या लायसन्सवर बसता येत नाही. मागच्या चार वर्षांत आरएन म्हणून दोन वर्षांचा अनुभव, त्याच चार वर्षांत प्रौढ कॅन्सर पेशंटच्या नर्सिंगचे २,००० तास, आणि मागच्या तीन वर्षांत ऑन्कॉलॉजीचे १० तासांचे सीई, म्हणजे पुढच्या प्रशिक्षणाचे तास. पेपर तीन तासांचा, १६५ प्रश्न, सर्टिफिकेट चार वर्षं चालतं, मग रिन्यूअल. या २,००० तासांत फक्त बेडसाइड नाही, तर नर्सिंग ॲडमिनिस्ट्रेशन, एज्युकेशन, रिसर्चचं काम पण धरतात, म्हणजे इन्चार्ज किंवा एज्युकेटर असाल तर तुमचे तास वाया जात नाहीत. फक्त त्या तासांचा हिशोब आणि सुपरवायझरचं नाव-पत्ता वेळच्या वेळी लिहून ठेवा, अर्ज ऑडिटला निघाला तर तेच मागतात.