विलिसच्या वलयापासून ट्रान्सक्रेनियल डॉप्लरपर्यंत

मानेतून चार रोहिण्या मेंदूकडे चढतात. पुढून दोन कॅरोटिड, मागून मणक्यांच्या छिद्रांतून वर येणाऱ्या दोन व्हर्टिब्रल. कवटीत शिरल्यावर मागच्या दोघी मिळून एक बॅसिलर होते आणि मेंदूच्या तळाशी काही बारीक जोडरोहिण्या या सगळ्यांना एकमेकींत गुंफतात. हेच सर्कल ऑफ विलिस. पुस्तकातल्या आकृतीसारखे नीटनेटके, पूर्ण वलय मात्र निम्म्या माणसांतही नसते. कुणाची एखादी जोडरोहिणी दोऱ्याएवढी, कुणाची नसतेच.

हे वलय सतराव्या शतकातले इंग्रज वैद्य थॉमस विलिस यांच्याआधीही पाहिले गेले होते. स्वित्झर्लंडच्या योहान वेप्फर यांनी १६५८ मध्ये त्याचे वर्णन केले होते. विलिस यांचे श्रेय निराळे आहे: ते कशासाठी असते, हे त्यांनी विचारले. १६६४ च्या त्यांच्या लॅटिन ग्रंथात एका माणसाचे शवविच्छेदन येते. त्याची एक कॅरोटिड दगडासारखी घट्ट होऊन जवळपास बंद झाली होती, तरी त्याला पक्षाघात झालेला नव्हता. मृत्यू पोटातल्या गाठीने आला. बंद बाजूची व्हर्टिब्रल दुसरीच्या तिप्पट फुगलेली होती. मग एका कॅरोटिडमध्ये शाई मिसळलेला द्रव सोडला, तर तो दुसऱ्या बाजूलाही पोहोचला. एक वाट बुजली तर दुसरीकडून रक्त येते, हा निष्कर्ष त्यातून निघाला. या ग्रंथातली चित्रे काढणारे ख्रिस्तोफर रेन पुढे लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलचे वास्तुकार झाले.

पण हे सगळे मृतदेहावर. जिवंत माणसाच्या मेंदूतल्या रोहिण्या दिसायला १९२७ उजाडले, तेव्हा लिस्बनमध्ये एगास मोनिझ यांनी कॅरोटिडमध्ये एक्स-रेत दिसणारे द्रव्य टोचून एक्स-रे काढले. त्यातून रोहिणीचा आकार कळे. रुग्णाच्या उशाशी बसून रक्ताचा वेग रोज मोजायचा, तर या तपासणीचा उपयोग नव्हता.

त्यासाठी लागणारे तत्त्व १८४२ पासून तयार होते: हलणाऱ्या गोष्टीकडून येणाऱ्या लहरींची वारंवारता तिच्या वेगानुसार बदलते. प्रागमध्ये ख्रिश्चन डॉप्लर यांनी ते ताऱ्यांच्या रंगांसाठी मांडले, आणि तीन वर्षांनी हॉलंडमध्ये बॉइस बॅलट यांनी आगगाडीवर तुतारीवादक बसवून ते आवाजाच्या बाबतीत पडताळले. १९५० च्या दशकात ओसाकाच्या शिगेओ सातोमुरा यांनी ते अल्ट्रासाउंडने हृदय आणि रक्तवाहिन्यांवर वापरले. मान सोपी होती, कवटी आडवी येत होती. हाड अल्ट्रासाउंड शोषून घेते आणि लहरींची वारंवारता जितकी जास्त तितके अधिक.

१९८२ मध्ये बर्न येथे रुने ऑसलिड यांनी वारंवारता २ मेगाहर्ट्झपर्यंत खाली आणली आणि प्रोब कानशिलावर, गालाच्या हाडाच्या किंचित वर ठेवला. तिथे हाड पातळ असते. हेच ट्रान्सक्रेनियल डॉप्लर, म्हणजे कवटीपलीकडचे डॉप्लर, थोडक्यात टीसीडी. लहरी तुकड्यातुकड्यांनी सोडल्यामुळे ५ सेंटिमीटर आत काय चालले आहे तेवढेच वेगळे ऐकता येत होते. शरीररचनेनेही साथ दिली: मेंदूच्या बाजूच्या भागाला रक्त देणारी मिडल सेरेब्रल रोहिणी जवळजवळ सरळ कानशिलाकडे येते, म्हणून कोनामुळे मोजणीत फारशी चूक होत नाही. निरोगी प्रौढात सरासरी वेग सेकंदाला साधारण ६० सेंटिमीटर भरतो. मानेतली कॅरोटिड क्षणभर दाबली, तर त्या बाजूच्या, मेंदूच्या पुढच्या भागाला रक्त देणाऱ्या अँटेरियर सेरेब्रल रोहिणीतला प्रवाह उलटा वाहताना ऐकू येई. विलिस यांची शाई जणू जिवंत माणसात पोहोचली. हा दाब निरुपद्रवी नव्हे. रोहिणीत चरबीचा थर असेल तर तो तुटून वर जाऊ शकतो.

वेग म्हणजे रक्ताचे प्रमाण नव्हे, ही या यंत्राची जुनी अडचण. मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव झाल्यावर काही दिवसांनी रोहिण्या आकसतात आणि वेग सेकंदाला १२० सेंटिमीटरच्या पुढे जातो. २०० च्या पुढे गेला तर आकुंचन तीव्र समजतात. पण एकूण प्रवाह वाढल्यानेही वेग वाढतो. म्हणून लिंडेगार्ड या संशोधकांनी मेंदूतल्या वेगाला मानेतल्या वेगाने भागायला सांगितले. उत्तर ३ च्या वर आले, तर दोष रोहिणीच्या आकुंचनात. शिवाय सुमारे दहात एकाचे कानशील लहरी आत जाऊच देत नाही, वयस्कर स्त्रियांत हे जास्त.

माझ्या मते या तपासणीने सर्वांत मोठे काम सिकलसेल, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या होण्याचा आनुवंशिक आजार, असलेल्या मुलांसाठी केले. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत २०० सेंटिमीटर किंवा जास्त वेग असलेल्या १३० मुलांपैकी निम्म्यांना नियमित रक्त दिले. त्यांच्यात पक्षाघात ९२ टक्क्यांनी कमी झाले. तिथे २ ते १६ वर्षांच्या अशा मुलांची दरवर्षी टीसीडी करण्याची शिफारस आहे. विदर्भात आणि नंदुरबारकडे हा आजार मोठा आहे. महिन्याला रक्ताची पिशवी मिळवणे दुर्गम गावातल्या कुटुंबाला जड जाते. मात्र वर्षभर रक्त दिल्यावर, रोहिण्या फार बिघडल्या नसतील तर, हायड्रॉक्सियुरिया या सिकलसेलवरच्या औषधाच्या गोळ्यांवर वळता येते, हे २०१६ च्या चाचणीने दाखवले आहे. त्या गोळ्या चालताहेत का, हेही कानशिलावरूनच तपासतात.