भिंत लिहिणारा आणि भिंत वाचणारा : अंगात येणे आणि चित्रकला यांच्या नात्याची पार्श्वभूमी

गुजरातमधल्या छोटा उदेपूरच्या राठवा आदिवासींच्या घरात ओसरीची भिंत रंगवून झाली, तरी काम संपले असे कोणी म्हणत नाही. रात्री ढाकेच्या तालावर पिठोरो या देवाची कथा गायली जाते, बडव्याच्या अंगात देव येतो, आणि घुमणारा बडवो तलवार हातात घेऊन भिंतीसमोर उभा राहतो. मग तो एकेक आकृती ओळखू लागतो : हा गणेह, हा पिठोरो, ही पिठोरी, हा हत्तीवर बसलेला राजा भोज, हा बारा डोक्यांचा धणी. एखादी आकृती राहून गेली असेल तर ती तिथल्या तिथे काढून घेतली जाते, आणि देवाने चित्र स्वीकारले असे त्यानंतरच धरतात. (बडवो म्हणजे राठव्यांचा भगत, पंढरपूरच्या बडव्यांशी त्याचा संबंध नाही. तसेच पिठोरी अमावास्येला आपल्याकडे पुजल्या जाणाऱ्या चौसष्ट योगिनींच्या चित्राशी केवळ नावाच्या साधर्म्यावरून नाते जोडण्याची घाई न केलेली बरी.)

या विधीत ज्याच्या अंगात येते तो रंगवत नाही आणि जो रंगवतो तो शुद्धीवर असतो. तंद्री, संचार, अंगात येणे यांतून कला जन्मते, असे विधान गेल्या सव्वाशे वर्षांत पुष्कळदा केले गेले आहे, आणि ते करणाऱ्यांनी बहुतेक वेळा ही दोन माणसे एकच आहेत असे गृहीत धरले आहे. हे गृहीतक कुठून आले आणि प्रत्यक्ष परंपरांमध्ये ते कितपत टिकते, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

संचाराचा अनुभव स्वतः दुर्मीळ नाही. मानवशास्त्रज्ञ एरिका बूर्गिन्याँ यांनी १९७३ मध्ये जगभरच्या ४८८ समाजांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांतल्या ४३७ समाजांत, म्हणजे सुमारे ९० टक्क्यांत, अशा बदललेल्या जाणिवेला काही ना काही मान्य, ठरलेले विधिरूप असल्याचे दिसले. मराठी मुलखाला हे आकड्याने सांगण्याची गरज नाही. घुमणे, वारे येणे, संचार होणे, कोकणात अवसर येणे, गोव्यात भार येणे, एवढे शब्द एका भाषेच्या परिसरात नांदतात ते त्या अनुभवाला ठिकठिकाणी वेगळी रीत आहे म्हणूनच. चित्राचा प्रश्न यापुढे सुरू होतो.

त्याचे अभ्यासविश्वातले मूळ दक्षिण आफ्रिकेत आहे. १८७३ च्या अखेरीस जोसेफ ऑर्पेन हा ब्रिटिश अधिकारी मालोटी पर्वतात असताना किंग नावाचा एक तरुण वाटाड्या त्याच्यासोबत होता; तो तिथल्या मूळच्या सॅन लोकांपैकी होता. गुहांतली चित्रे पाहताना, हरणाच्या डोक्याची ही माणसे कोण, असे ऑर्पेनने विचारले. ती मेलेली माणसे असून आता नदीत राहतात, आणि ज्या नाचांची चित्रे तुम्ही पाहिलीत त्या नाचांनीच ती बिघडली, अशा आशयाचे उत्तर किंगने दिले. हे उत्तर १८७४ मध्ये छापले गेले आणि शंभर वर्षे जवळजवळ कोणाला कळले नाही. त्याच काळात केप टाउनमध्ये भाषाशास्त्रज्ञ विल्हेल्म ब्लीक आणि त्यांची मेहुणी ल्यूसी लॉइड यांनी तुरुंगातून आपल्या घरी आणवलेल्या सॅन लोकांकडून त्यांच्या कथा आणि समजुती लिहून घेतल्या. ही टिपणे बारा हजारांहून अधिक पाने भरतात. मुख्यतः ज्या भाषेत ती लिहिली गेली ती भाषा पुढे नामशेष झाली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुरातत्त्वज्ञ डेव्हिड लुईस-विल्यम्स यांनी ही जुनी टिपणे, कलाहारी वाळवंटातल्या सॅन लोकांच्या औषधी नृत्याची नवी निरीक्षणे आणि ड्रेकेन्सबर्ग पर्वतातली चित्रे एकमेकांशेजारी ठेवली. त्या नृत्यात बायका टाळ्या वाजवत गातात, पुरुष तासन्‌तास आगीभोवती नाचतात, आणि कळ असह्य झाली की पुढे वाकतात, थरथरतात, कोसळतात. जुन्या टिपणांत त्यांच्या नाकातून रक्त येत असल्याचाही उल्लेख आहे. क्वाझुलू-नताल प्रांतातल्या गेम पास या खडकाच्या आडोशाला असलेल्या एका चित्रात मरणारे एलँड जातीचे मोठे हरीण आहे : मान खाली गेलेली, मागचे पाय एकमेकांत अडकलेले, अंगावरचे केस ताठ. त्याची शेपटी धरून उभ्या असलेल्या माणसाचेही पाय तसेच अडकलेले आहेत आणि पावलांच्या जागी खूर आहेत. नृत्यात कोसळणाऱ्या माणसाला सॅन भाषेत मेलेला म्हणतात, हे ठाऊक असले की या चित्रातले हरीण आणि माणूस एकच गोष्ट सांगू लागतात. चित्र शिकारीचे नसून संचाराचे आहे, हा लुईस-विल्यम्स यांचा निष्कर्ष इथे पटतो, कारण त्याला त्याच समाजाच्या तोंडची साक्ष आहे.

पुढची पायरी इतकी भक्कम नव्हती. १९८८ मध्ये त्यांनी थॉमस डाउसन यांच्यासह असे मांडले की, तंद्रीच्या पहिल्या अवस्थेत कोणत्याही माणसाला मज्जासंस्थेमुळेच जाळ्या, समांतर रेषा, ठिपके, नागमोडी रेषा असे आकार दिसतात, आणि युरोपातल्या हिमयुगीन गुहांमधल्या भूमितीय खुणांचे मूळही तिथेच आहे. १९९६ मध्ये फ्रेंच पुरातत्त्वज्ञ ज्याँ क्लॉत यांच्यासह लिहिलेल्या पुस्तकात हा विचार आणखी पुढे गेला आणि त्यावर कडाडून टीका झाली. ठिपके आणि नागमोडी रेषा माणूस टोपलीवर, मडक्यावर, वाळूतही काढतो, त्यासाठी तंद्री लागलीच पाहिजे असे नाही, हा आक्षेप साधा आहे आणि मला तो अजूनही निरुत्तर करणारा वाटतो. वारली चित्रांतल्या तारपा नाचाच्या गोल वळणात काही हौशी अभ्यासकांना असाच मेंदूतला आकार दिसतो. वास्तविक तारपा वाजवणाऱ्याभोवती माणसांची साखळी खळ्यात तशीच वळत जाते, आणि ज्याने ती पाहिली आहे त्याला हे वळण डोळ्यांनीच मिळालेले असते.

लुईस-विल्यम्स यांचेच एक म्हणणे मात्र या वादात मागे पडले. इतक्या बारीक रेषा थरथरत्या हाताने निघणे शक्य नाही. चित्र भानावर आल्यानंतर, आठवणीतून काढले गेले असावे, असे ते सांगत आले. म्हणजे ज्या सिद्धान्तावर तंद्रीतून कला निघते असे सांगण्याचा आरोप होतो, त्यातही तंद्री आणि रंगकाम या वेगवेगळ्या वेळा आहेत.

युरोपात हा फरक पुसला गेला तो प्रेतात्म्यांच्या बैठकांमुळे. स्टॉकहोमच्या हिल्मा आफ क्लिंट (१८६२-१९४४) आणि त्यांच्या चार मैत्रिणी १८९६ पासून अशा बैठका घेत आणि मिळालेले संदेश लिहून किंवा रेखाटून ठेवत. १९०६ मध्ये एका अदृश्य मार्गदर्शकाने सोपवलेले काम म्हणून आफ क्लिंट यांनी मंदिरासाठीच्या चित्रांना हात घातला आणि १९१५ पर्यंत १९३ चित्रे पूर्ण केली. १९०७ च्या शरदात काढलेली त्यांतली दहा चित्रे तीन मीटरांहून उंच आहेत. पूर्वरेखाटन न करता चित्रे आपल्या हातून थेट उतरली, असे त्यांनी लिहून ठेवले आहे, आणि इथे संचार व कुंचला खरोखर एकाच व्यक्तीकडे आहेत. तरीही त्या स्टॉकहोमच्या शाही कला अकादमीत पाच वर्षे शिकलेल्या, निसर्गचित्रे आणि व्यक्तिचित्रे विकून पोट भरणाऱ्या चित्रकार होत्या, हे विसरले तर त्या चित्रांमधल्या रंगांचा आणि मांडणीचा निम्मा हिशेब लागत नाही. पुढे १९२२ मध्ये पॅरिसच्या तरुण कवींनी झोपेसारख्या अवस्थेत बोलण्याचे प्रयोग केले आणि प्रकरण मारामारीपर्यंत गेल्यावर बंद केले. पण तंद्री ही कलावंताची खाजगी खाण आहे, ही कल्पना तिथून जी रूढ झाली ती आजही वर्तमानपत्री लेखांतून भेटते.

पिठोऱ्याची रीत या कल्पनेच्या बरोबर उलट बाजूला आहे. नर्मदेच्या उत्तरेला छोटा उदेपूर, पलीकडच्या काठाला आपला नंदुरबार, आणि पूर्वेला मध्य प्रदेशातले अलीराजपूर, झाबुआ, असा हा पट्टा. घरात आजारपण आले, गुरे दगावू लागली किंवा पीक हातचे गेले की बडव्याला विचारतात. तो संचारात कारण सांगतो आणि बाबो पिठोरो याचा नवस बोलला जातो. म्हणजे चित्राची मागणी संचारातून येते. त्यानंतर कुमारिका भिंत सारवतात आणि तिच्यावर पांढऱ्या मातीचे हात देतात. लखारे, म्हणजे लिहिणारे, दूध आणि मोहाची दारू घालून कालवलेल्या रंगांनी काम सुरू करतात. लखारा पुरुषच असतो. भिंतीवर मोठी चौकट आखली जाते, तिच्या दारावर वाघ राखणीला बसतात, आत पिठोऱ्याच्या लग्नाला निघालेल्या घोड्यांच्या रांगा येतात, आणि खालच्या भागात नांगरणारा शेतकरी, विहीर, ताक घुसळणारी बाई, ताडावर चढलेला माणूस, विंचू, माकडे असे सारे जग. लखाऱ्याला हे सर्व पाठ असते. घोड्यांसाठी साचा वापरण्यातही त्याला कमीपणा वाटत नाही, कारण नवे काही सुचणे ही इथे अपेक्षाच नाही. काही सुटू नये, ही आहे. ज्योतींद्र जैन यांनी या परंपरेवर १९८४ मध्ये ललित कला अकादमीतर्फे सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि तिची नीट माहिती बाहेरच्या वाचकाला मुख्यतः तेव्हापासून झाली.

डहाणू, तलासरीकडच्या वारली लग्नातही कामांची वाटणी अशीच आहे, फक्त माणसे वेगळी आहेत. तिथे चौक लिहितात त्या सवाशिणी. तांदळाच्या पिठाने, काडीने, गेरूच्या भिंतीवर त्या पालघट देवीला चौकाच्या मधोमध बसवतात. लग्न लावते ती धवलेरी, तिच्या गाण्यांनी. अंगात येते ते भगताच्या. सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी वारली पाड्यांवर कागद आणि रंग नेले, तेव्हा बायकांपेक्षा पुढे आले ते गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (१९३४-२०१८), आणि लग्नविधीशी न बांधलेले वारली चित्र तिथून सुरू झाले. १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या जागतिक प्रदर्शनात त्यांची चित्रे होती, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. म्हसे भगत नव्हते. आई गेल्यावर लहानपणी बराच काळ बोलणे थांबले आणि आपण धुळीत आकृत्या काढून सांगू लागलो, ही त्यांनी सांगितलेली हकिकत आहे; तिला संचाराचे लेबल लावण्याचा मोह आवरलेला बरा.

पिठोऱ्याचा पट्टाही याच वाटेने बाहेर आला. १९८२ मध्ये उघडलेल्या भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्राच्या बांधकामावर मजुरी करणाऱ्या झाबुआच्या भूरीबाईंना चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी कागद दिला. पिठोऱ्याचे घोडे लिहिण्याचा मान भिल्लांतही पुरुषांचाच. भूरीबाईंनी आपल्या आठवणीतली झाडे, प्राणी, घरे काढली आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०२३ मध्ये तीच पदवी छोटा उदेपूरच्या परेश राठवा यांना पिठोरा चित्रांसाठी मिळाली. आता पिठोऱ्याचे घोडे कागदावर आणि कॅनव्हासवरही येतात, आणि तिथे घोडे किती हवेत हे विकत घेणाऱ्याच्या भिंतीच्या मापावर ठरते. तपासायला बडवो बोलावत नाहीत, कारण नवस कोणी बोललेला नसतो. घरात नवस बोलला गेला असेल, तर मात्र लखाऱ्यांना सांगावा धाडण्याआधी ओसरीची भिंत सारवायला मुली लागतात.